पत्ता विचारणारे काका

खराडीतल्या आमच्या सोसायटीत समोरच्या फ्लॅटमधले काका मूळचे पेठेतले. मुलाच्या आयटीतल्या नोकरीपायी इकडे आले, पण जीव तिकडेच. मी अकोल्याचा, म्हणून रविवारी मला पायी पुणं दाखवतात. गल्ली न् गल्ली पाठ असूनही वाटेत लोकांना पत्ता विचारत राहतात. परवा एका मुलीने हसून मोबाइलवर नकाशा दाखवला. एक दुकानदार तर कोपऱ्यापर्यंत सोबत आला. काका हिरमुसले.

"बिघडलं हो शहर," म्हणाले.

शेवटी शनिवारवाड्याच्या दरवाजासमोरच उभं राहून त्यांनी एका आजोबांना विचारलं, "अहो, शनिवारवाडा कुठे आला?"

आजोबांनी चष्म्यावरून पाहिलं. "पाडला काल. तुम्हाला विचारायचं राहूनच गेलं."

माहेरचं माणूस भेटावं तसा काकांचा चेहरा खुलला.

"चला," ते मला म्हणाले, "काळजी मिटली."