आवाज फक्त मला येत नाही

मी हे सदर नियमित वाचते, आणि खरं सांगायचं तर हसत हसत वाचते. कुणाला पिंपळाखाली बाई दिसते, कुणाच्या गाडीत मागे कुणीतरी बसलेलं असतं... वाचायचं, चहाचा कप विसळायचा आणि कामाला लागायचं. माझं कामच असं आहे की 'आपोआप' या शब्दावर माझा विश्वास उरलेला नाही. ऑनलाइन क्लासेस चालवणाऱ्या एका संस्थेसाठी मी घरून फोन घेते. "मॅडम, व्हिडिओ दिसतो पण आवाज आपोआप गेला." "मॅडम, काहीच केलं नाही, आपोआप अडकला." आणि मी शांतपणे सांगते – वरची टॅब म्यूट आहे का बघा, पान रिफ्रेश करा, कॅश साफ करा, दुसऱ्या ब्राउझरमध्ये उघडून बघा, ब्लूटूथ हेडफोन दुसऱ्याच खोलीत चालू नाही ना ते बघा. शंभरातल्या नव्याण्णव वेळा माणसानंच काहीतरी दाबलेलं असतं. वर शपथ घेतो की हात लावला नाही.

तर ती शपथ घेणारी आता मी आहे. नावं बदलून लिहितेय, समजून घ्या.

आम्ही सोलापुरात, जुळे सोलापूर भागात राहतो. आमचे हे अक्कलकोट रोडला एमआयडीसीत टॉवेलच्या एका युनिटमध्ये सुपरवायझर आहेत. ह्यांच्या थोरल्या बहीण, म्हणजे माझ्या नणंद – शालन वन्सं – मोडनिंबला असतात. सासूबाई लवकर गेल्या. तेव्हा ह्यांचा धाकटा भाऊ प्रशांत अगदी लहान होता. त्याला वन्संनीच वाढवला, त्याच्यासाठी स्वतःचं लग्नही लांबवलं. पुढे लग्न झालं, पण मिस्टर फार टिकले नाहीत. मूलबाळ नाही. प्रशांत आता जर्मनीत आहे, आणि गेल्या वर्षी त्याला मुलगी झाली.

आमच्याकडे बाळाचं नाव आत्या ठेवते. नुसतं कानात सांगत नाही, ठरवतेसुद्धा तीच, आणि कानात सांगेपर्यंत कुणाला कळू देत नाही. प्रशांतनं आधीच सांगून टाकलं होतं, "ताई, तू ठेवशील ते नाव." आता आत्या मोडनिंबला आणि पाळणा जर्मनीत. म्हणून ठरलं की पाळण्याजवळ लॅपटॉप ठेवायचा, वन्संनी आमच्याकडे यायचं आणि माझ्या लॅपटॉपवरून लिंक उघडून नाव घ्यायचं. लॅपटॉपचं म्हटल्यावर जबाबदारी माझी.

बारशाच्या आदल्या दिवशी मला प्रशांतच्या सासूबाईंचा फोन आला. बाळंतपणासाठी त्या तिकडेच होत्या. बोलायला फार गोड. "गैरसमज नको हं मीनाताई. शालनताईंबद्दल आम्हाला आदरच आहे. पण पहिलं बाळ... आणि त्या तशा... म्हणजे तुम्हाला कळतंय ना? इथे शेजारची एक मुलगी आहे, प्रशांत तिला बहीणच मानतो. तिनं नाव घेतलं तर बरं. प्रशांतला सांगायची सोय नाही, तो चिडेल. तुम्ही यातल्या जाणकार आहात, ऐनवेळी काहीतरी नेटचं सांगा ना."

मला कळलं. विधवा बाईनं पाळण्याला हात लावायचा नाही, एवढंच त्यांना म्हणायचं होतं. मी तिथंच ठणकावून सांगायला हवं होतं. मी म्हणाले, "बघते." मला भांडण नको होतं हे खरं, पण त्याहून खरं म्हणजे परदेशातून फोन करणाऱ्या शिकलेल्या बाईनं मला 'जाणकार' म्हटलं आणि विश्वासात घेतलं, त्यानं मी सुखावले. हे लिहिताना कानशिलं तापतायत.

दुसऱ्या दिवशी वन्सं एसटीनं आल्या. नवी पेठेतून आणलेल्या कापडाची स्वतः शिवलेली कुंची आणि डबाभर घुगऱ्या. इतक्या खुशीत होत्या की आल्या आल्या पाणीसुद्धा प्यायल्या नाहीत.

"मीने, म्या मोठ्यानं बोलायचं का बारीक?"

"बारीक बोललात तरी जातं वन्सं," मी म्हणाले.

दुपारी त्यांना टेबलापाशी बसवलं. लिंक उघडली. ब्राउझरनं विचारलं, कॅमेरा वापरू द्यायचा का – मी हो म्हटलं. माईक वापरू द्यायचा का – मी 'ब्लॉक' दाबलं. एका बोटाचं काम. वन्सं पदर सारखा करत होत्या.

पडद्यावर पाळणा आला, माणसं आली, त्यांचा आवाजही स्वच्छ येत होता. आमचा तिकडे जात नव्हता. "ताई, आवाज येत नाही गं!" प्रशांत ओरडत होता. मग मी नाटक सुरू केलं. पान रिफ्रेश केलं. हेडफोन लावला, काढला. दुसरा ब्राउझर उघडला, तिथंही ब्लॉक केलं. लॅपटॉप बंद करून चालू केला. रोज लोकांना सांगते ते सगळं केलं, फक्त ते एक बटण सोडून.

हे मागून म्हणाले, "जगाचं दुरुस्त करतेस आणि घरचं होईना तुला?"

"तिकडूनच काहीतरी आहे," मी म्हणाले.

"त्वांड दिसतंय की माझं त्यास्नी," वन्सं म्हणाल्या, "मग ऐकायला का जात न्हाय?"

त्या माझ्याकडे बघत होत्या आणि मी पडद्याकडे.

तिकडे बाळ रडून लाल झालं होतं. प्रशांतच्या सासूबाई पुढे आल्या. "वेळ टळतेय हो. आता राहू दे. नेहा, तूच घे बाई नाव." ती शेजारची मुलगी संकोचत पाळण्याकडे निघाली.

वन्सं उठतील असं मला वाटलं. त्या उठल्या नाहीत. खुर्ची पुढे ओढली, दोन्ही हातांनी लॅपटॉप धरला आणि पोराच्या कानाशी जावं तसं तोंड पडद्याजवळ नेलं. "आसू दे. जायचं तितं जातंय," म्हणाल्या, आणि मग अगदी हळू 'कुर्रर्र' केलं. पुढचं मला ऐकूही आलं नाही. मी हातभर अंतरावर उभी होते, तरी फक्त ओठ हललेले दिसले.

तिकडे सगळे थांबले. नेहा जागच्या जागी उभी राहिली. बाळाचं रडणं बटण दाबल्यासारखं बंद झालं. प्रशांत लॅपटॉपजवळ आला आणि त्याचा चेहरा पूर्ण पडदाभर झाला.

"इंदू?" तो म्हणाला. "ताई, इंदू म्हणालीस ना?"

इंदू हे माझ्या सासूबाईंचं नाव. प्रशांत रडायला लागला, इकडे हे रडायला लागले, वन्सं नुसत्या मान हलवत होत्या. मी खालचं माईकचं चिन्ह बघत होते. त्यावर लाल रेघ तशीच होती. सेटिंगमध्ये जाऊन बघितलं – ब्लॉक. त्या कॉलमध्ये दोनच जागा जोडलेल्या होत्या, आमची आणि त्यांची. ह्यांचा फोन आतल्या खोलीत चार्जिंगला होता. वन्संचा फोन साधा बटणांचा, तो पिशवीत. नाव त्यांनी कुणालाच सांगितलं नव्हतं, ह्यांनाही नाही.

"वहिनी, थँक यू," प्रशांत डोळे पुसत म्हणाला. "ऐनवेळी दुरुस्त केलंत तुम्ही." त्याच्या मागून त्याच्या सासूबाई माझ्याकडे रोखून बघत होत्या. मी शब्द फिरवला असं त्यांना वाटलं, आणि त्या अजून माझ्याशी नीट बोलत नाहीत. म्हणजे एकीकडून फुकटचे आभार आणि दुसरीकडून फुकटचा राग. दोन्ही मी गुपचूप घेतले.

दुसऱ्या दिवशी निघताना वन्संनी पिशवीतून खण आणि नारळ काढला आणि ह्यांच्या हातात दिला. "तूच दे तिला. माझ्या हातनं वटी नगं. पर तिच्यामुळं म्या ठरवलेलं नाव लागलं पोरीला." 'तुमच्याच हातानं भरा वन्सं' एवढं म्हणायचं होतं. पदर पुढे करायचा होता. मी ह्यांच्या हातून खण घेतला आणि वाकून नमस्कार केला. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला, तो बराच वेळ काढला नाही.

इथवर कुणी म्हणेल, यंत्र आहे, चुकलं असेल. मीही स्वतःला तेच समजावलं. पण आठवड्यानं प्रशांतनं बारशाचं रेकॉर्डिंग पाठवलं. "वहिनी, ताईचा आवाज किती स्वच्छ आलाय बघा!"

मी लावलं. लोकांची कुजबुज येते, बांगड्या वाजतात, बाळाचं रडणं येतं. पुढे वन्संचा चेहरा येतो, ओठ हलतात... आणि काही नाही. सगळे गप्प होतात, मग एकदम प्रशांतचं "इंदू?" येतं. मी ह्यांना दाखवलं. ह्यांनी ऐकलं, आणि परत डोळ्यांत पाणी. "काय गोड म्हणालीय गं ताई!" मला वाटलं चेष्टा करतायत. चोराच्या मनात चांदणं. पण चेष्टा नव्हती. खालच्या मजल्यावरच्या काकूंना दाखवलं, त्यांनाही ऐकू येतं. "कुर्रर्र म्हणाल्यावर बाळ कसं गप्प झालं बघा," म्हणाल्या.

मग मी माझ्या कामाला लागले. दुसरा ब्राउझर, तिसरा ब्राउझर, कॅश साफ, फाइल उतरवून वेगळ्या प्लेअरवर, ह्यांच्या फोनवर, मैत्रिणीच्या टॅबवर, महागाचे हेडफोन मागून आणून. कानाच्या डॉक्टरांकडेही जाऊन आले. कान ठणठणीत आहेत. बाकी सगळं ऐकू येतं, अगदी मागे कुणाचा तरी चमचा पडतो तोसुद्धा. फक्त तेवढे दोन शब्द मला येत नाहीत.

हे का होतं, मला माहीत नाही. इथे कुणी माझ्याच क्षेत्रातलं असेल, ते विचारतील हे केलं का, ते केलं का... सगळं केलंय हो. ज्यांना सांगायला हवं त्यांना सांगून बघितलं का, असं कुणी विचारलं तर ते मात्र केलेलं नाही. धीर होत नाही.

वन्संच्या फोनवर व्हिडिओ चालत नाही. म्हणून सोलापूरला आल्या की पहिलं तेच. "मीने, लाव की गं तेवढं." मी लॅपटॉप उघडते, शेजारी बसते. त्यांचा चेहरा आला की त्या स्वतःच लाजून पदर तोंडाला लावतात. मागच्या आठवड्यातही आल्या होत्या.

"जरा वाढीव की आवाज."

मी पट्टी शेवटपर्यंत नेली.

"लई बारीक बोलले का गं म्या? तुला येतंय न्हवं ऐकायला?"

"येतंय की, वन्सं," मी म्हणाले.