विकलेली बैलजोडी

वडील लोकल बोर्डाच्या निवडणुकीला उभे राहिले, तेव्हा मार्गासनी गावच्या देवळात तिथल्या एका म्हाताऱ्या शेतकऱ्याने त्यांना सगळ्यांसमोर विचारलं, "जेवणावळी घालताय, पैका कुणाचा?"

"माझाच. बैलजोडी विकली," वडील म्हणाले.

पैसा कोळशाच्या ठेकेदाराचा होता. बैल उत्रोलीला मामाच्या गोठ्यात नेऊन बांधले होते. बायकांत बसलेल्या आईला आणि मला ते ठाऊक होतं.

वडील निवडून आले. पेरणीच्या तोंडावर तो म्हातारा एक खोंड घेऊन आमच्या दारात उभा राहिला. "आमच्यापायी बैलं गेली तुमची. ह्यो घ्या, औताला लावा."

वडिलांनी दावं हातात घेतलंसुद्धा. मला जमीन पोटात घेईल तर बरं, असं झालं. तेवढ्यात आई बाहेर आली.

"दादा, बैलं इकली न्हाईत. माझ्या भावाकडं हाईत. पैका ठेकेदाराचा व्हता."

वडील मान वर करीनात. म्हाताऱ्याने हलकेच त्यांच्या हातातलं दावं सोडवून घेतलं.

"मत काय आता माघारी येत न्हाई," तो म्हणाला, "खोंड तेवढा नेतो."

पुढं कित्येक वर्षं मार्गासनीवरून जाताना मी पदर तोंडावर ओढून घेई.