पाचव्या मजल्याचं झाकण

नातीच्या पुण्यातल्या फ्लॅटबाहेर भिंतीत एक स्टीलचं झाकण आहे. ते उघडून ती कचऱ्याची पिशवी आत सोडते आणि हात झटकते. परवा मी ते झाकण दोनदा उघडून बंद करून पाहिलं. जराही वाजलं नाही. म्हटलं, तेल छान दिलंय गं, पण असल्या मुक्या झाकणाचा बाईमाणसाला उपयोग काय? ती म्हणाली, म्हणजे?

तिला काय सांगू? नव्वदच्या दशकात मी बारामतीतल्या एका सहा मजली इमारतीत राहायचे. राहायचे म्हणजे फ्लॅट घेऊन नव्हे. माझा नवरा तिथला मिस्त्री. पाण्याचा पंप, लिफ्ट आणि कचऱ्याचं धुराडं ही तीन जनावरं त्यानं सांभाळायची आणि त्याबदल्यात तळमजल्यावरच्या दोन खोल्या आमच्या. धुराडं हे नाव आम्ही दिलेलं. बिल्डर त्याला शूट म्हणायचा. साखर कारखान्याची धुराडी बघत वाढलेल्या माणसांना गच्चीपासून तळापर्यंत गेलेलं ते सिमेंटचं नळकांडं दुसरं काय वाटणार? मजल्यामजल्यावर जिन्याशेजारी त्याला लोखंडी झाकण आणि अगदी खाली, आमच्या खोलीला लागून, कचऱ्याचं पिंप ठेवायची कोठडी.

आठवड्यातून एकदा नवरा गच्चीवरून काथ्याचा गोल ब्रश दोराला बांधून आत सोडायचा. ब्रशाखाली वजनाला दगड. वरखाली करत धुराडं घासायचं, फिनेलचं पाणी सोडायचं आणि एकेक मजला उतरत झाकणांच्या बिजागऱ्यांना तेल द्यायचं. इथवर ठीक होतं. पण बांधणाऱ्यानं मधला कॉलम चुकवायला पाचव्या मजल्यापाशी धुराड्याला वाक दिला होता. तुंबायचं ते तिथंच, आणि मोकळं करायला बांबू घालायचा तोही पाचव्या मजल्याच्याच झाकणातून.

पाचव्या मजल्यावर बाई राहायच्या. कॉलेजात शिकवायच्या, नवरा परगावी नोकरीला. कडक इस्त्रीची सुती साडी, हलकं बोलणं, आणि बांबू घेऊन आलेल्या मिस्त्रीला कपबशीतून कॉफी.

माझा नवरा निरेकाठच्या कोऱ्हाळे बुद्रुकचा. त्याच्या घरात बोलायचा रिवाजच नव्हता. जेवण झालं का विचारलं तर मान हलवायचा, भाजी कशी झाली विचारलं तरी तीच मान. आणि हा माणूस पाचव्या मजल्यावरून उतरताना गालात हसत असायचा. एकदा जेवताना म्हणाला, "बाई म्हणत्यात, कॉफीत साखर कमी असावी." अख्खं वाक्य, कर्ता-क्रियापदासकट. लग्नापासून माझ्या वाट्याला असलं वाक्य आलं नव्हतं.

त्या वेळची मी आठवते तेव्हा तिच्या पाठीत एक धपाटा घालावासा वाटतो. मुलगी दहावीला आणि हिचं लक्ष पाचव्या मजल्यावर. बाईंसारखी कडक साडी हवी म्हणून हिनं आपल्या साडीला भाताची पेज लावली. इतकी लावली की ही खाली बसली तरी साडी उभीच. नवऱ्यानं पाहिलं आणि मान हलवली. भाजीला हलवायचा तीच.

मग मी डोकं चालवलं. तुंबतं म्हणून तो वर जातो, तुंबलंच नाही तर? हंगामात धुराडं तुंबायचं ते उसाच्या चिपाडांनी आणि नारळाच्या शेंड्यांनी. माझं माहेर भीमेकाठचं पळसदेव. आमच्याकडे सालपट फेकत नसत, उकिरड्यात घालत आणि उकिरडा शेतात. मी इमारतीमागे खड्डा खणला, कमरेवर पाटी घेतली आणि घरोघर फिरून चिपाडं, शेंड्या, सालपटं मागून आणायला लागले. बायका म्हणायच्या, किती कळकळ हिला इमारतीची. सोसायटीच्या मीटिंगमध्ये मला शाल दिली. मी ती मान खाली घालून घेतली, आणि वर बघितलं ते थेट बाईंकडे.

धुराडं तुंबायचं थांबलं. पण बिजागऱ्यांना तेल द्यायला तो जायचाच. बाकीच्या मजल्यांवर हातासरशी उरकणारं तेल पाचव्या मजल्यावर कॉफी संपेपर्यंत चालायचं.

कोठडीतलं पिंप ओढताना माझ्या ध्यानात आलं होतं की वरचं झाकण उघडं असलं की तिथलं बोलणं धुराड्यातून खाली उतरतं. एका दुपारी तो तेलाची बुधली घेऊन निघाला, तशी मी पिंप सरकवलं, अब्रू राहावी म्हणून डोक्यावर पदर घेतला आणि मान आत घातली.

बशी वाजली. बाईंनी विचारलं, "मिस्त्री, हल्ली हे तुंबत कसं नाही?"

"आमच्या मालकिणीचं काम हाय ते. लई हुशार हाय ती, बाई. लगीन झाल्यावर आमी नरसिंहपूरला दर्शनाला गेलतो. संगमावर पाण्यात उतरली आन् मला इचारलं, ह्यातलं भीमेचं पानी कुठलं आन् निरेचं कुठलं. मला सांगता आलं न्हाय. आजून इचार करतोय."

"हे तिला सांगितलंत कधी?"

"तिच्या तोंडाकडं बगून काय सुचतच न्हाय."

शहाण्या बाईचा जीव इथं निवला असता. माझा आणखीच पेटला. आतापर्यंत एकट्या बाईंचा हेवा होता. आता संगमाच्या पाण्यात उभ्या असलेल्या त्या नव्या नवरीचाही वाटायला लागला. तिच्याबद्दल हा माणूस एवढं बोलतो आणि ती मीच असून मला पत्ता नाही.

तेवढ्यात दुसऱ्या मजल्यावरून चहाचा गरम चोथा माझ्या डोक्यावर आला. मी ओरडले ती चोथ्यामुळे की कशामुळे, देव जाणे.

"आवं, मग आता सांगा की. कुठलं पानी कुठलं?"

धुराडं आवाज गिळत नाही, मजल्यामजल्यावर वाटत जातं. सगळ्या झाकणांना नवऱ्यानं मन लावून तेल दिलेलं, त्यामुळे एकही वाजलं नाही. पण पहिला, दुसरा, तिसरा, चौथा, असा धुराड्यात उजेड पडत गेला. बायका कान लावून उभ्या. वाकाच्या वरचं मात्र मला काही दिसत नव्हतं.

मग त्याचा आवाज आला.

"तुझ्याकडनं येतं त्ये भीमेचं. माझ्याकडनं येतं त्ये निरेचं."

"आन् म्होरं?"

"म्होरं येगळं काढता येत न्हाय."

तिसऱ्या मजल्यावर कुणीतरी खुदकन हसलं. मी चोथा पुसत तिथंच पिंपाशेजारी बसले.

त्यानंतर दर आठवड्याला तो गच्चीवरून ब्रश सोडता सोडता बोलायचा आणि मी खाली कोठडीत उभी. मीठ जास्त झालं होतं, पोरीला सायन्सला घालू, तुझी ती कडक साडी बरी दिसत नव्हती. समोर आला की पुन्हा मान. मला चालत होतं. पण माझा नवरा माझ्याशी बोलतो आणि सहा मजले ऐकतात, हे खपेना. खालच्या चार मजल्यांचा उजेड दिसायचा. मी ओरडायचे, चौथा मजला, झाकण लावा. सहावा मजला गच्चीखालचाच. त्याचं झाकण उघडलं की त्याला वरूनच दिसायचं आणि तो गप्प व्हायचा. पाचव्याचं मात्र वाकातच, ते ना त्याला कळायचं, ना मला.

म्हणून तेलाची बुधली मी माझ्या ताब्यात घेतली. बाकी सगळ्या झाकणांना तेल, त्या एकाला नाही. तेल नाही, म्हणजे कॉफीही नाही. एका पावसाळ्यात ते असं गंजलं की जरा ढकललं तरी करकर थेट कोठडीपर्यंत यायची.

बाई एकदा जिन्यात भेटल्या. त्यांनी हसून विचारलं, सगळ्या इमारतीत आमचंच झाकण का हो वाजतं?

"वाकामुळं, बाई," मी म्हटलं. "तितं तेल धरतच न्हाय."