आंबट टाकीत चुना

मी रोज सकाळी कॉफीनंतर गोगलगायी फोडायचे. समुद्रातल्या, चिंचोक्याएवढ्या. यंत्राच्या पोलादी टोकाखाली एक ठेवायची, चाक फिरवायचं, कवच कडकन फुटलं की किती जोर लागला तो आकडा वहीत उतरवायचा. कवच वाळलं की आकडा बदलतो, म्हणून जिवंतच फोडाव्या लागत. बोटं चिकट व्हायची, ती फडक्याला पुसून पुढची घ्यायची. मला किळस येत नसे. खरं सांगायचं तर आदल्या दिवशी प्राचार्यांशी भांडण झालेलं असलं, तर चार-दोन फोडल्यावर बरंच वाटायचं.

मी कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवते. सुट्टीत तिथल्या प्रयोगशाळेची वीज बंद असते, म्हणून पीएचडीचा सगळा पसारा तमिळ मुलखात, मेलकावेरीतल्या आमच्या पिढीजात घरी, मागच्या खोलीत मांडला होता. दोन टाक्या. एकीत नागपट्टणमहून कॅनमधून आणलेलं समुद्राचं पाणी, दुसरीत तेच पाणी, पण सिलिंडरमधून वायू सोडून आंबट केलेलं. हवेतला धूर पिऊन समुद्र पुढे असाच आंबट होत जाणार आहे. त्यात कवच किती कमजोर होतं, एवढंच मला मोजायचं होतं. सहा महिने गेले होते. शेवटची मोजणी उरली होती, आणि ती हुकली तर पीएचडीची मुदतही हुकणार होती.

घरात मी आणि आत्या, दोघीच. आई गेल्यावर तिनेच मला वाढवलं. यंत्राचा आवाज आला की ती स्वयंपाकघरातून ओरडायची, "बसली गे आमची खाटकीण!" एकदा जेवताना तिने विचारलं म्हणून मी सगळं समजावून सांगितलं. तिचा घास हातातच राहिला.

"म्हणजे जिवंतपणींच कवच विरघळतें कां त्यांचें? पावम् गे तीं!"

बिचारी म्हणायचं झालं की तिच्या तोंडी तमिळच यायचं. मी हसले आणि विसरून गेले.

शेवटच्या मोजणीच्या सकाळी मागच्या खोलीत गेले, तर आंबट टाकी दुधासारखी पांढरी. शेजारी आत्या, हातात तिची विड्याच्या चुन्याची पितळी डबी. विहिरीचं पाणी बिघडलं की ती चुनाच टाकायची, आणि तो चुना शिंपले भाजून करतात हे तिला ठाऊक होतं.

"आंबटपण अस्के, अगदी सगळें, मोडलें बघ," ती खुशीत म्हणाली. "शिंपल्यांचाच चुना. त्यांचें त्यांना परत दिलें."

मी डबी हिसकावली आणि भिंतीवर फेकली. लोकांना मी असंच सांगते. भिंतीकडे मी पाहिलंच नव्हतं, मी ती तिच्यावर फेकली. झाकण उडालं, डबी गालफडावर बसली आणि उरलेला चुना डोळ्यात गेला. ती खाली बसली. मी तिला ओढत नळाखाली नेलं, डोळा फाकवून पाणी मारत राहिले, आणि पाणी मारतानाही तिच्या कानाशी किंचाळत होते, "सहा महिने! माझे सहा महिने!"

दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं तेव्हा ती तमिळमध्ये म्हणाली, हात निसटला, माझाच. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं की त्या डोळ्याने आता दिसणार नाही.

परत येताना रिक्षात तिने माझा हात धरला. अर्ध्या तोंडावर पट्टी होती.

"तीं वाचलीं कां गे?"

चुना फार झाला होता. घरून निघतानाच मी पाहिलं होतं, टाकीतल्या सगळ्या गोगलगायी तळाशी निपचित पडल्या होत्या. वाचली, एवढंच म्हणायचं होतं मला. डबी फेकली तेव्हा मी भानावर नव्हते, रिक्षात मात्र होते.

"सगळी मेली," मी म्हटलं. "तुझ्या चुन्याने."

तोवर ती एकदाही रडली नव्हती.

पुढे मुदत वाढवून मिळाली, नव्या गोगलगायी आणल्या, फोडल्या, पीएचडी झाली. आत्या अजूनही जेवणानंतर पान घेते. चुना लावत नाही. नुसतं पान चावत बसते, आणि मी समोरून उठून जाऊ शकत नाही.