तिसऱ्या पायरीखालचा पारा

आता कसं सांगू तुम्हाला! सारी नोकरी कचेरीत दुसऱ्यांच्या चुकांना लाल शाईनं गोल करण्यात गेली, आणि निवृत्त झाल्यावर मी असा घोळ घातला की ती शाई पुरू नये.

माझी भाची मीता संशोधन करते. पाण्यात, गाळात, माशांत पारा कुठून येतो, ते शोधते. दर्पण कॉलनीजवळच्या आमच्या तळ्यातून तिनं बाटल्या भरभरून गाळ नेला. एक सोडून सगळ्या स्वच्छ निघाल्या. त्या एकीत, घाटाच्या तिसऱ्या पायरीखालच्या गाळात, पाराच पारा!

तळ्यापलीकडे एक छोटा दवाखाना आहे. पाऱ्याची यंत्रं तिथंच; दुसरं कोण असणार? मीता म्हणत होती, तपास बाकी आहे, थांबा. पण कारकून थांबतो का? मी तीन प्रतींत तक्रार लिहिली, कॉलनीभर सह्या गोळा केल्या. तिथले म्हातारे डॉक्टर घरी आले, तक्रार पुढे गेली तर दवाखान्याला कुलूप लागेल म्हणाले. मी पाणीसुद्धा विचारलं नाही. आणि बरं का, माझ्या बायकोच्या, सुधाच्या शेवटच्या आजारात हेच डॉक्टर रोज घरी येत होते.

दुसऱ्या दिवशी मीतानं गाळात सापडलेला काचेचा तुकडा समोर ठेवला. त्यावर बारीक रेघा, आकडे.

"मामा, ये तो थर्मामीटर है. पुराना वाला. पायरीवरून कुणी टाकला असेल?"

मी चष्मा पुसत बसलो.

दौलतगंजच्या बाजारातून आणलेला तो थर्मामीटर सुधाचा. मला जरा कणकण वाटली की ती तो माझ्या काखेत खुपसायची, निरखून बघायची आणि म्हणायची, "ताप नाही. नाटकं पुरे."

ती गेल्यावर त्याला माझ्या हातून तडा गेला. देवाची भंगलेली तसबीर आपण कचऱ्यात टाकतो का? मीही तो तिच्या कुंकवाच्या करंड्यासोबत रुमालात बांधला, हात जोडले आणि घाटाच्या तिसऱ्या पायरीवरून पाण्यात सोडला.

सगळं ऐकून मीतानं तो तुकडा कागदात गुंडाळून ठेवला. मग म्हणाली, "तिथला गाळ काढावा लागेल, मामा."

"करंडाही?"

"तोही."

तक्रारीच्या तिन्ही प्रती घेऊन मी दवाखान्यात गेलो. अर्जदार आणि आरोपी एकच, असं प्रकरण माझ्या टेबलावर कधी आलं नव्हतं. डॉक्टरांनी कागद वाचलेही नाहीत. "बैठिए, चेहरा उतरा हुआ है," म्हणत त्यांनी बॅटरीवरचा थर्मामीटर माझ्या काखेत लावला.

तो वाजला. ताप नव्हता.

नाटकं पुरे, असं मात्र कुणी म्हणालं नाही.