निर्यातक्षम लग्न

जगात आपलं वजन वाढलंय, असं टीव्हीवर रोज ऐकते. असेलही. मी दिंडोरीकडच्या एका द्राक्षांच्या पॅकहाऊसमध्ये क्वालिटीचं काम बघते, आणि आमच्याकडे हे वजन जरा वेगळ्या प्रकारे जाणवतं. युरोपातल्या कुठल्याशा कमिटीला वाटलं की द्राक्षाचा मणी एवढ्या आकाराचा हवा, की आमच्या तालुक्यातले सगळे बागाईतदार तो आकार धरायच्या मागे लागतात. त्यांना वाटलं की संडासाच्या दारावर हात धुण्याचं चित्र हवं, की आम्ही चित्र लावतो. चित्रातले हात गोरे असतात, कारण चित्रही तिकडूनच येतं.

या सगळ्याची मला सवय झाली होती. चिडचिड व्हायची, पण पगार त्याचाच होता. त्या वर्षी मात्र नियम थेट गळ्यापर्यंत आला.

नियम असा, की डब्यांत माल भरणाऱ्या बाईच्या अंगावर दागिना नको. बांगड्यांचं लांब हातमोज्यांवर निभावलं. मंगळसूत्र एप्रनच्या आतसुद्धा चालणार नव्हतं. तुटलं तर द्राक्षांत सांडेल. आणि खाली एका ओळीची सवलत: लग्नाची साधी, बिनखड्याची अंगठी चालेल. ती ओळ मी दोनदा वाचली. म्हणजे लग्नाला हरकत नव्हती, फक्त ते बोटात झालेलं असायला हवं होतं.

लाइनवरच्या बायकांना हे मराठीत वाचून दाखवलं तेव्हा आधी हशा पिकला. मग वणीकडून येणारी मावशी, लाइनवरची सगळ्यांत जुनी बाई, कातर खाली ठेवून उभी राहिली.

"मॅडम, माझा मालक जित्ता हाय. एकलहऱ्याच्या वीजकेंद्रात कोळशावर कामाला हाय. मी पोत काढू कशाला?"

"मावशी, फक्त कामापुरती."

"कामापुरता मेला असं धरू का मंग?"

यावर नियमावलीत काही नव्हतं. शेठ म्हणाले, काढत नसेल तर घरी बसवा, ऑडिट तोंडावर आलंय. त्यांचंही चूक नव्हतं. ऑडिटमध्ये नापास झालो असतो तर सगळा माल इथल्याच बाजारात मातीमोल गेला असता. पण मावशीचं अख्खं वर्ष द्राक्षांच्या हंगामावर चालायचं, आणि तिला घरी बसायला सांगायचं काम माझ्यावर आलं होतं. मला ते जमेना. संताप यायचा, आणि तो काढायचा कुणावर तेच कळायचं नाही. ज्यांच्यावर काढायचा ते समुद्रापलीकडे, आणि त्यांनी आमच्यापैकी कुणाला काही विचारलंच नव्हतं.

आदल्या वर्षी तिकडच्या एका फळांच्या प्रदर्शनाला शेठ मला नेणार होते. वाटलं होतं, कुणालातरी भेटून दोन शब्द सुनावता येतील. व्हिसा नाकारला, मी परत येईन याची त्यांना खात्री वाटेना. द्राक्षं परत येणार नाहीत याची खात्री असते, म्हणून त्यांना लगेच आत घेतात.

शेवटी तोडगा शेठनीच काढला. सराफ बाजारातून चांदीच्या साध्या अंगठ्यांची पुडी आणली, सगळ्या एकाच मापाच्या, आणि दुपारच्या सुट्टीत स्वतःच वाटायला निघाले. पहिल्या बाईपुढे अंगठी धरली मात्र, अख्खी लाइन ओरडली. "शेठ, समद्यांशी साखरपुडा करता काय?" एकीनं विचारलं. शेठ लालबुंद झाले, पुडी माझ्या हातात कोंबून ऑफिसात गेले, ते चहालाही बाहेर आले नाहीत.

मग मावशीनं आपली अट सांगितली. "मालकानं सोता घातली तर चालंल. मंग पोत काढून ठिवीन." तिच्यामागोमाग सगळ्यांची तीच अट झाली.

म्हणून ऑडिटच्या दिवशी सकाळी सगळ्यांचे नवरे पॅकहाऊसात हजर. कुणी डेअरीला दूध घालून आलेला, कुणी रात्रपाळी करून. आत यायचं तर नियम सगळ्यांना सारखे, म्हणून मी त्यांना चित्राप्रमाणे हात धुवायला लावले आणि डोक्याला जाळीच्या टोप्या दिल्या. मावशीचा नवरा कोळशानं काळे झालेले हात चोळचोळून धूत म्हणाला, "लग्नात बी एवढं धुतलं नव्हतं." मुंडावळ्यांच्या जागी जाळीच्या टोप्या घातलेले नवरे एका बाजूला, एप्रन घातलेल्या नवऱ्या दुसऱ्या बाजूला, आणि मध्ये अंतरपाटाऐवजी माल वाहणारा पट्टा. ज्यांना अंगठी सैल झाली त्यांनी ती अंगठ्यात चढवली. कुणीतरी मंगलाष्टक सुरू केलं. मला वाटलं, एवढ्यावर भागेल. पण एका बाईच्या पिशवीतून हळद लावलेले तांदूळ निघाले, आणि हातात तांदूळ असताना समोर जोडपं उभं असलं की आपल्या माणसाला धीर धरवत नाही. "सावधान" म्हणायचा अवकाश, नमुन्यासाठी भरून ठेवलेल्या डब्यांवर अक्षतांचा पाऊस पडला. ऑडिटरबाई नेमक्या तेव्हाच दारात येऊन उभ्या राहिल्या.

उंच, शांत, प्रवासानं थकलेल्या बाई. त्यांनी टोपी घातली, हात धुतले, सरळ पट्ट्याजवळ आल्या आणि एका डब्यातून पिवळा दाणा चिमट्यानं उचलला.

"हे काय?"

"तांदूळ," मी इंग्रजीत म्हणाले. "लग्नातला."

"कुणाच्या लग्नातला?"

"सगळ्यांच्या."

त्यांनी नियमावली काढून बराच वेळ चाळली. काचेबद्दल कलम होतं, उंदरांबद्दल होतं, पक्ष्यांच्या पिसांबद्दल होतं. लग्नाबद्दल नव्हतं. मी सगळी हकिगत सांगितली. त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, मी नियम करत नाही, नुसती तपासते. मग करतं कोण, मी विचारलं. तर कमिटी. आणि नियम करण्याआधी कमिटी सगळ्या जगाकडून सूचना मागवते म्हणे, वेबसाइटवर. मुदत अर्थातच संपलेली होती.

संध्याकाळी आम्ही पास झालो, एका किरकोळ त्रुटीसह: पॅकहाऊसात लग्न लावण्याची लेखी कार्यपद्धती उपलब्ध नाही. ती पुढे मी लिहून पाठवली. वधूवरांनी टोप्या घालाव्यात, अक्षता माल भरण्याच्या जागेबाहेर टाकाव्यात, वगैरे. तिकडून ती एका शब्दाचाही बदल न करता मंजूर होऊन आली.

शेठनी पेढे वाटले. बायका कपाटातून आपापल्या पोती काढून गळ्यात घालत होत्या. मावशीनं साबण लावून बोटातली अंगठी काढली आणि माझ्या तळहातावर ठेवली.

"हे ठिवा तुमचं. उद्या कामाला आले की घालीन."

"माझं कुठं, मावशी? तिकडचं आहे ते."

"त्येच की. तिकडचं काय बी आलं की तुमीच वाचून दाखवता."

मला ते फार लागलं. मी म्हणाले, मावशी, मी तुमच्याच बाजूची आहे, मला तर ते लोक दारातसुद्धा उभं करत नाहीत. ती मानेमागे पोतीची कडी लावायला धडपडत होती. ओल्या हातांनी जमेना, म्हणून मी मागे जाऊन लावून दिली.

"मंग त्या बाईला बोलायचं ना," ती मान न वळवता म्हणाली. "तिच्या बी बोटात अंगठी होती, सकाळधरनं बघते मी. मी म्हणले का तिला, काढ म्हणून?"