गिरजाकाकूंची थोरली सवत

किस्से गोळा करायला मला लांब जावं लागत नाही. शेजारी विरजण मागायला जाते आणि दही लागेस्तोवर तिथंच बसते. आमचे हे विचारतात, "विरजण आणाले गेलती का पंचनामा कराले?" पण शेजारच्या आबाजीकाकांकडे खुंटीवर एक ठासणीची बंदूक होती. तिनं एकटीनं जेवढे किस्से दिले, तेवढे अख्ख्या केळापुरानं मिळून दिले नसतील.

*

बंदूक काकांच्या वडिलांची. गिरजाकाकू लग्न होऊन आल्या, सगळ्यांच्या पाया पडल्या, तेव्हा सासूबाईंनी खुंटीकडे बोट केलं. "तिच्याही पड. तुह्या आधीची हाये ते."

झालं! बंदुकीचं नाव पडलं थोरली, आणि नातं सवतीचं.

काका अंगणात बसून तिला तासभर तेल चोळत. काकू तांदूळ निवडता निवडता मला ऐकवत, "माह्या डोक्याले थेंबभर, अन् तिच्या अंगाले वाटीभर!"

*

लायसन नवं करायला थोरलीला पांढरकवड्याला न्यावं लागे. काका तिला काकूंच्या नव्या गोधडीत गुंडाळून मांडीवर घेत. काकू बैलगाडीत मागं उघड्या फळ्यांवर आदळत. एकदा वाटेत कुणी तरी विचारलं, लेकरू बिमार हाये काय?

"लेकरू नाही, थोरली हाये," काकू म्हणाल्या. "दवाखान्यात नाही, ठाण्यात चालली."

त्या काही वर्षांत आपला जिल्हा मध्य प्रदेशातून मुंबई राज्यात गेला, मग महाराष्ट्रात आला. काका अभिमानानं सांगत, "जिल्हा सोडला नाही, अन् तीन राज्यं फिरून आली!"

*

एका वर्षी ज्वारीत रानडुकरं शिरली. लोक काकांना घेऊन गेले. काकांनी दारू ठासली, नेम धरला, खूप वेळ धरला. डुकरं पोटभर खाऊन निघून गेली. लोक चिडून अंगणात जमले, तर काका म्हणतात, "इनं माह्या बापासंग वाघ पाह्यला हाये. इले डुक्कर दाखवू काय?"

काकूंनी घरातूनच दुरुस्ती केली. "पाह्यला, एवढंच खरं हाये."

*

नागपूरच्या एका हौशी साहेबांना जुन्या बंदुका जमवायचा नाद होता. बंगल्यात भिंतभर टांगल्या होत्या म्हणे. ते जीप घेऊन आले. थोरली द्या, बदल्यात कोरी करकरीत विलायती घ्या, म्हणाले. काकांनी त्यांना चहा पाजला आणि विचारलं, घरातल्या माणसाची अदलाबदल होते काय?

साहेब गेल्यावर काकूंनी कपबशा उचलल्या. मग कळवळून म्हणाल्या, "भिंतभर! त्याची बायको कशी राह्यत असन वं?"

*

दसऱ्याला बंदुकीची पूजा व्हायची. फूल, अक्षता, आपट्याचं पान, सगळं. कुंकू मात्र नाही. मी एकदा करंडा पुढं केला तर काकूंनी झाकण लावलं.

"एका घरात कुंकू एकीचंच."

काका मिशीत हसले. कुंकवाशिवायच पूजा झाली.

*

पुढं काका गेले. मुलाच्या, वसंताच्या नावावर लायसन होईपर्यंत बंदूक ठाण्यात जमा झाली. वसंता तिला इतका भ्यायचा, की लहानपणापासून खुंटीखालून वाकून जायचा. नागपूरच्या साहेबांचा पुन्हा निरोप आला. वसंता म्हणाला, देऊन टाकू, निदान नीट राहील तरी.

बाजाराच्या दिवशी काकूंनी मला सोबत घेतलं आणि तेलाची वाटी घेऊन ठाण्यात गेल्या. शिपाई म्हणाला, आजी, जमा मालाला हात लावता येत नाही.

"मी कायले लावू? तूच लाव. मी इथून सांगते."

त्यानं लावलं, आणि त्या दारातून सांगत राहिल्या.

घरी आल्यावर वसंतानं परत साहेबांचा विषय काढला. काकू म्हणाल्या, "सवत माही हाये. इतक्या वर्षांत मी तिले घराबाहेर काढली नाही. तू कोण काढणारा?"

वसंता लायसनसाठी कचेरीच्या खेपा घालू लागला.

थोरली घरी आली ती दसऱ्याच्या आदल्या दिवशी. सकाळी वसंतानं भीतभीतच तिला पाटावर ठेवलं. फूल वाहिलं, अक्षता वाहिल्या, आपट्याचं पान ठेवलं. आईचा नेम त्याला ठाऊक होता, तेवढ्यावरच त्यानं हात जोडले.

काकू भिंतीला टेकून बसल्या होत्या. मला म्हणाल्या, "सुमन, तुहा करंडा आण वं. कुंकू लाव तिले."

मी गोंधळले. म्हटलं, काकू, तुम्हीच तर म्हणत होता, एका घरात...

"लाव," काकू म्हणाल्या. "दोघींतल्या एकीनं तरी लावावं."